सह्याद्रीत वनस्पती आणि वन्यजीवांच्या अभ्यासाचं काम सुरू करताना

बॉटनी किंवा झूलॉजीत एमएस्सी करणाऱ्या मुलामुलींचा ठरलेला प्रश्न असतो: जंगलात काम करायचंय, सुरुवात कुठून करू? एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. निसर्गसंरक्षणाच्या कामात पगार रान फिरण्याचा मिळत नाही, नोंदीचा मिळतो. तुम्ही भरलेल्या कागदावर कुणीतरी उपवनसंरक्षक निर्णय घेणार असतो. कुरणात यंदा जाळरेषा (वणवा अडवायच्या मोकळ्या पट्ट्या) कुठून काढायच्या, सड्यावरच्या (जांभ्या कातळाच्या पठारावरच्या) खाणीबद्दल काय अभिप्राय द्यायचा, पाणवठ्याजवळची वाट रात्री बंद ठेवायची का. तोच कागद पुढं कोर्टातही जाऊ शकतो. तेव्हा 'मी स्वतः पाहिलंय' एवढं पुरत नाही. तुमच्या मागून दुसऱ्या कुणाला जाऊन तपासता आलं पाहिजे.

लेख सह्याद्रीपुरता आहे: साताऱ्याकडचं कास आणि कोयना, त्याच्या दक्षिणेला चांदोली आणि राधानगरी, खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे सडे. ताडोबा-मेळघाटात पद्धती बऱ्याचशा याच, पण ऋतूंचा हिशेब, झाडं आणि धोके वेगळे.

१. नोकरी नेमकी कुठं असते

वनखात्याच्या नेहमीच्या उतरंडीत, म्हणजे वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल, सहायक वनसंरक्षक या पदांत, 'बायोलॉजिस्ट' असं पद शोधत बसू नका. व्याघ्र प्रकल्पांमध्ये जे बायोलॉजिस्ट दिसतात ते बहुतेक प्रकल्पाच्या प्रतिष्ठानामार्फत करारावर घेतलेले असतात. अशी प्रतिष्ठानं २००६ च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात आली. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प त्यानंतरचा, २०१० सालचा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो झाला. करार साधारण वर्षावर्षाचा असतो, हे घरी आधीच सांगून ठेवा.

वनस्पतींकडं ओढा असेल तर पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ इथल्या प्रकल्पांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. वन्यजीवांसाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि बंगळूरच्या एनसीबीएसमधला (राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र) वन्यजीवशास्त्राचा एमएस्सी अभ्यासक्रम. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, निघाली तर उत्तमच. २०२३ पासून ती महिन्याला ३७,००० रुपये आहे आणि रानातल्या कामाला एवढा स्थिर पैसा सुरुवातीला दुसरीकडं क्वचित मिळतो. अधिकारी म्हणून यायचं असेल तर एमपीएससीची वनसेवा किंवा यूपीएससीची भारतीय वनसेवा. दुसरीला चालण्याची चाचणीही असते, चार तासांत पुरुषांना २५ आणि महिलांना १४ किलोमीटर. अभ्यास अभ्यासिकेत बसून होईल. ही चाचणी नाही होणार.

आणखी एक दार म्हणजे खासगी सल्लागार कंपन्या, ज्या पर्यावरण आघात मूल्यांकनाचे अहवाल करतात. त्याबद्दल पुढं सविस्तर येईल.

२. परवानगी

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी शिरायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ प्रमाणं परवानगी लागते. ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडून, म्हणजे नागपुरातून येते. प्राणी पकडायचा, बेशुद्ध करायचा, रेडिओ कॉलर लावायची तर कलम १२ लागतं, आणि अनुसूची १ मधला (सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या यादीतला) प्राणी असेल तर केंद्राचीही संमती. वनस्पतींसाठी कलम १७ ए आणि १७ बी वाचून ठेवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, संरक्षित वनस्पती अनुसूची ३ मध्ये आहेत. जुनी पुस्तकं आणि क्लासच्या नोट्स अजून अनुसूची ६ म्हणतात. अर्जात तसं लिहिलंत तर तिथंच समोरच्याला तुमचा अंदाज येतो.

अर्जात उद्देश, पद्धत, ठिकाणाचा नकाशा, मुदत, सोबत येणाऱ्यांची नावं आणि नमुने घेणार असाल तर किती, हे सगळं नेमकं हवं. 'आवश्यकतेनुसार नमुने' असं लिहिलं की फाइल अभिप्रायासाठी पुन्हा खाली येते. जुलैत सड्यावर उतरायचं असेल तर अर्ज हिवाळ्यातच टाका. परवानगी हातात पडली की आधी परिक्षेत्र कार्यालयात जाऊन आरएफओंना (वनक्षेत्रपालांना) भेटा, कधी आणि कुठल्या नियतक्षेत्रात (बीटमध्ये) जाणार ते सांगा, आणि पत्राची झेरॉक्स सॅकमध्ये कायम ठेवा. चेकनाक्यावरच्या माणसाला तुमचा ईमेल दाखवून उपयोग नाही.

कोकणातले सडे बरेचसे खासगी, त्यातही सामाईक मालकीचे. तिथं वनखात्याचा संबंध नसला तरी गावात विचारल्याशिवाय मोजणीच्या खुंट्या रोवायला जाऊ नका.

जाता जाता: रानात पडलेलं सांबराचं शिंग उचलून आणू नका. गळून पडलेलं असलं तरी कायद्यानं ती सरकारची मालमत्ता आहे, आणि अभ्यासकाच्या खोलीत भिंतीवर ते टांगलेलं बघून खात्यातल्या कुणालाही कौतुक वाटत नाही.

३. वर्षाचा हिशेब

वनस्पतीवाल्यांचा हंगाम पहिल्या पावसापासून सुरू होतो. कातळ भिजला की आधी कंदवाली मंडळी वर येतात. रत्नागिरीच्या सड्यावर दीपकाडीची पांढरी फुलं जून-जुलैत दिसतात, पाठोपाठ जमिनीवरच्या आमऱ्या (ऑर्किड). खर्चुडीसाठी (सेरोपेजिया) जुलै ते सप्टेंबर. गेंद आणि सीतेची आसवं ऑगस्टपासून भरात, त्यांना लागून तेरडा. सोनकी आणि कवला सप्टेंबरात. गवतं सगळ्यांत शेवटी फुलतात, आणि नेमकी ती फुलताना पर्यटक आणि अभ्यासक दोघंही घरी गेलेले असतात. गवत फुलोऱ्यावाचून ओळखणं जवळजवळ अशक्य. ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडू नका. मग जानेवारी ते एप्रिल झाडांचा: काटेसावर, पांगारा, पळस, अंजनी.

प्राण्यांचं काम पाऊस ओसरल्यावर. वाटा मोकळ्या होतात, धुळीत ठसे उमटतात, कॅमेऱ्यांत पाणी शिरत नाही.

आता आघात मूल्यांकनाबद्दल, कारण ऋतूचा सगळ्यात मोठा घोळ तिथंच आहे. खाणीसारख्या प्रकल्पाला १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं पर्यावरणाची मंजुरी लागते आणि त्यासाठी आधारभूत माहिती गोळा करतात. सर्रास ती एकाच ऋतूची असते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून. हवा आणि धूळ मोजायला हे समजण्यासारखं आहे. सड्याचा मात्र त्यानं घात होतो. एप्रिलात सड्यावर उभं राहिलं तर तांबडा-काळा कातळ, वाळकं गवत आणि कडेला एखादं निवडुंग, एवढंच दिसतं. सातबाऱ्यावर ती जमीन आधीच पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लागलेली असते. अहवालात 'वनस्पती विरळ' असं वाक्य जातं, आणि त्यात खोटं काहीच नसतं! जुलै-सप्टेंबरात त्याच कातळावर दोन-चार सेंटिमीटर मातीत शेकडो झाडांची वस्ती असते, त्यातली काही फक्त सह्याद्रीतच सापडणारी. दिवाळीपर्यंत त्यांचा कारभार आटोपलेला असतो, कंद आणि बी तेवढं जमिनीत शिल्लक.

कंपनीत नोकरी लागली आणि उन्हाळ्यातच सर्वेक्षण करून यायला सांगितलं तर काय कराल? माझं मत असं: जा, पण यादीच्या डोक्यावर तारीख आणि ऋतू ठळक लिहा, आणि 'पावसाळी वनस्पतींचं सर्वेक्षण या ऋतूत शक्य नव्हतं' हे वाक्य मजकुरात घाला, तळटिपेत नको. वरिष्ठांनी ते काढून टाकलं तर तुमच्या मूळ मसुद्याची प्रत तुमच्याकडं तारखेसह असू द्या. वाक्य घालू न देणाऱ्या ठिकाणी फार काळ राहू नये. हे सांगणं सोपं आहे, भाड्याच्या खोलीत राहताना ऐकणं अवघड, ठाऊक आहे मला.

४. वनस्पतीचा नमुना, पहिल्यापासून शेवटपर्यंत

पुस्तकातली कृती सगळ्यांनाच पाठ असते. सह्याद्रीच्या पावसात ती कशी निभावते ते बघू. उदाहरण म्हणून गेंद घ्या. सड्यावरच्या उथळ डबक्यात पांढरी टपोरी डोकी पसरलेली दिसतात तो गेंद, शास्त्रीय भाषेत इरिओकॉलॉन. लांबून सगळे सारखे. एका डबक्यात दोन-तीन जातीही असू शकतात.

आधी वस्ती मोजा. वीस झाडांमागे एकापेक्षा जास्त घ्यायचं नाही, हा जगभर शिकवला जाणारा ढोबळ नियम इथंही पाळा. वीसही नसतील तर फोटो आणि नोंदीवर थांबा. मग मुळासकट एक रोप, आणि शेजारच्या रोपांवरची पिकलेली डोकी. पिकलेलीच का, तर गेंदाच्या जाती वेगळ्या करताना बीच्या सालीवरची नक्षी बघावी लागते आणि कोवळ्या डोक्यात बी तयार नसतं. बसल्या जागी दहापटीचं भिंग डोळ्याला लावून एका डोक्यातलं एक फूल सोडवून बघा. घरी नेल्यावर बघू म्हणाल तर वाळल्यावर अर्धे भाग ओळखू येत नाहीत.

नोंदवहीतली नोंद साधारण अशी असावी:

'क्र. ८७. तारीख, वेळ. गाव, तालुका, सड्याचं स्थानिक नाव. अक्षांश-रेखांश, उंची. कातळातलं उथळ डबकं, पाणी ३ सेंमी, तळाशी माती २ सेंमी. रोप ६ ते ९ सेंमी उंच, पानं बुडाशी झुबक्यात. डोकं राखाडी-पांढरं, बुडाची पाकळ्यांसारखी पानं पिवळट. सोबत सीतेची आसवं. अंदाजे ३००-४०० रोपं, २ घेतली. सड्याच्या पूर्व बाजूला जांभ्याची चिरेखाण, अंतर सुमारे १५० मीटर.'

शेवटचं वाक्य बघा. शीटवर रोप राहील, रंग उडेल, पण खाण किती जवळ आली होती हे फक्त ही ओळ सांगणार. चीक आहे का, वास येतो का, फुलाचा रंग कोणता, झाडाच्या खोडाची साल कशी, असं जे जे वाळल्यावर नाहीसं होतं ते सगळं वहीत. आणि वहीत पेन्सिल. जेल पेननं लिहिलेलं पहिल्या सरीत वाहून जातं.

वाळवणं ही खरी डोकेदुखी. जुलैत आंबोलीत किंवा कोयनेला टीपकागद स्वतःच ओले असतात. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कागद बदलायचे, आणि बदललेले चुलीच्या उबेवर किंवा इस्त्रीनं वाळवून घ्यायचे. मुक्काम लांबचा असेल तर रोपं वर्तमानपत्रात ठेवून गठ्ठ्यावर स्पिरिट शिंपडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. रंग जातो, पण बुरशी लागत नाही आणि परत आल्यावर निवांत वाळवता येतं. तेरड्याची फुलं दाबली की चिखल होतो. ती पाण्यात तरंगवून, पाकळ्या उलगडून, पातळ टिश्यूवर उचलायची. खर्चुडीचं कंदिलासारखं फूल बाटलीत सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. तिचा कंद उपटायचा नाही. रानडुकरं आणि साळिंदरं तो उकरतात, माणसंही खातात; त्यात आपली भर नको.

शीटचा आकार साधारण ४२ बाय २८ सेंमी, लेबल उजव्या कोपऱ्यात खाली. जुन्या संग्रहातल्या शीट हाताळल्यावर हात धुवा, त्यांवर कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावलेलं असतं. तुमचा नमुना घरातल्या कपाटात ठेवलात तर तो विज्ञानाच्या दृष्टीनं नाहीच. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पुण्याचं सर्वेक्षण, आघारकर किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातला ब्लॅटर संग्रह, यांपैकी कुठंतरी जमा करून क्रमांक घ्या. नवी जात सापडल्याचा दावा असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं नमुना अधिकृत संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे.

ओळख पटवण्यासाठी थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची (१९०१ ते १९०८) अजून कामाला येते, आणि तिच्या जोडीला सर्वेक्षणाचे महाराष्ट्र राज्याचे खंड (१९९६, २०००, २००१). फोटोवरून नाव सांगणारी ॲप्स कुळापर्यंत बरी पोहोचवतात. गेंद, गवतं आणि तेरड्यांच्या जातींवर मात्र त्यांचं नाव जसंच्या तसं यादीत टाकू नका.

लोकांनी सांगितलेलं नाव जरूर लिहा, पण गावासकट. एकच नाव पाच मैलांवर दुसऱ्या झाडाला असतं.

५. प्राणी: खुणा, कॅमेरे, रेषा

सह्याद्रीचं रान दाट आणि प्राणी लाजरे. दिवसभरात काहीच न दिसणं हेच रोजचं. म्हणून पहिलं शिक्षण खुणांचं. सांबराची लेंडी आणि भेकराची लेंडी आकारावरून वेगळी करता आली पाहिजे, पिसोरीची (माउस डिअर) त्याहून बारीक. कोळसुंदे (रानकुत्रे) वाटांच्या तिठ्यावर एकाच जागी घाण करून ठेवतात. बिबट्याच्या विष्ठेत केसांची वळी असते, ते केस सूक्ष्मदर्शकाखाली घालून भक्ष्य ओळखतात. अस्वलाची विष्ठा हंगामाप्रमाणं बियांनी भरलेली असते, आणि त्या बिया जांभळाच्या की आणखी कशाच्या हे झूलॉजीवाल्याला सांगता येत नाही. हे काम दोन्ही विषयांच्या माणसांनी मिळून करायचं म्हणतात ते यासाठीच.

चांदोलीत याचं मोठं उदाहरण आहे. उद्यानातली गावं उठवली गेली, त्यांची शेतं पडली आणि तिथं गवत आलं. गवे आणि सांबर या मोकळ्या जागांवर येतात. माणूस आणि गुरं गेली की अशा जागी हळूहळू कारवी, झुडपं, रानमोडीसारखं तण शिरतं आणि गवत मागं हटतं. खात्याला विचारायचं असतं: कुठलं कुरण उघडं ठेवायचं, कुठलं रानाला सोडायचं? उत्तर देणाऱ्याला गवताच्या जाती ठाऊक हव्यात (सगळं गवत गवा खात नाही), आणि गव्यांचा वावरही मोजलेला हवा. कासच्या पठारावर हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं आला. कुंपण घालून चराई थांबवली तेव्हा उंच गवत माजून बुटकी फुलझाडं मागं पडतात का, यावर बरीच वर्षं वाद चालला. असे वाद मतानं मिटत नाहीत. खुंटी रोवून कायमचे एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखायचे, काही चराईत, काही चराईबाहेर, आणि दरवर्षी त्याच आठवड्यात मोजायचे. कंटाळवाणं आहे. तीन वर्षांनी मात्र त्या चौकोनांपुढं कुणाचाच आवाज चढत नाही.

कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावताना: वाघ-बिबट्यासाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, कारण प्राण्याच्या दोन कुशींवरचे पट्टे किंवा ठिपके वेगळे असतात. दोन्ही कॅमेरे एकमेकांच्या अगदी समोर नकोत, नाहीतर एकाचा उजेड दुसऱ्याच्या डोळ्यात. तोंड शक्यतो उत्तर-दक्षिण, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंगावर येत नाही. समोरचं गवत काढा. वाऱ्यानं हलणाऱ्या एका पात्यानं कार्ड भरून जातं. घड्याळ तपासा. दोन कॅमेऱ्यांच्या वेळा जुळत नसतील तर डावी कूस आणि उजवी कूस एकाच प्राण्याची हे सिद्ध करता येत नाही. तारीख चुकलेला कॅमेरा महिनाभर इमानेइतबारे चुकीचीच तारीख छापत राहतो.

देशपातळीवरच्या व्याघ्रगणनेत दोन चौरस किलोमीटरला एक जोडी असा हिशेब ठेवतात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज आला, त्यांतले बहुतेक विदर्भातले. सह्याद्रीत वाघाचा एक फोटो ही मोठी गोष्ट असते. चांदोलीत २०१८ मध्ये कॅमेऱ्यात वाघ आला तेव्हा ती बातमी झाली. राधानगरीत टिपलेला एक वाघ पुढं कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात मिळाला, तोही पट्ट्यांच्या जुळणीवरून. मधली रानं जोडलेली ठेवा म्हणून सांगायला यापेक्षा भक्कम पुरावा कुठून आणणार?

कॅमेऱ्यात माणसंही येतात. लाकूडफाट्याला आलेल्या बायका, गुराखी, कधी बंदूक घेतलेला कुणी. बंदूकवाल्याचा फोटो आरएफओंकडं जाईल. बाकीच्यांचे फोटो कुणालाही दाखवायचे नाहीत, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. एका फोटोनं गावातला विश्वास गेला तर पुढच्या हंगामात तुमचे कॅमेरे जागेवर सापडणार नाहीत.

आखलेल्या रेषेवरचं चालणं, म्हणजे ट्रान्सेक्ट, सकाळी उजाडल्या उजाडल्या करायचं. दोघं, हळू, गप्पा बंद. प्राणी दिसला की अंतर रेंजफाइंडरनं, दिशा होकायंत्रानं, कळपात किती ते मोजून. अंतर नजरेनं लिहू नका. माणूस नजरेनं १०, १५, २०, ५० असंच लिहितो, १३ किंवा ३७ कधीच नाही, आणि घनतेचं सगळं गणित त्या अंतरांवर उभं असतं. काही दिसलं नाही तर फॉर्मवर शून्य लिहा आणि किती किलोमीटर चाललात, किती वाजता, तेही. रिकामा सोडलेला फॉर्म आणि शून्य लिहिलेला फॉर्म यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: पहिल्याचा अर्थ गेलोच नाही असाही होतो.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात. जरूर बसा, मजा येते. त्या आकड्यांवरून प्राणी वाढले की घटले असं मात्र लिहू नका.

आकडे हाताळायला आर (R) ही संगणकभाषा आणि नकाशांना क्यूजीआयएस (QGIS) शिका. दोन्ही फुकट आहेत.

६. सोबतची माणसं

तुम्हाला रान दाखवणारा माणूस बहुधा वनमजूर, वनरक्षक किंवा धनगरवाड्यावरचा कुणी मामा असेल. नकाशावर नसलेली जागांची नावं त्याला माहीत असतात, आणि अस्वल कुठल्या घळीत पिल्लं घालतं तेही. त्याला दिवसाची मजुरी ठरवून, रोजच्या रोज द्या. 'दादा, तुमचं नाव अहवालात लिहू का?' असं विचारून घ्या. काहींना हवं असतं, काहींना खात्याच्या भीतीनं नको असतं.

गावात गेलात की पहिला प्रश्न गव्यानं खाल्लेल्या भाताचा येतो. 'तो माझा विषय नाही' म्हणू नका. पीक नुकसानीचा अर्ज कुठं करायचा, पंचनामा कोण करतं, एवढं माहीत करून घ्या आणि सांगा. गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार झालेली असेल तर ती मागून वाचा. कितीतरी वह्या शेजारच्या गावाची यादी उतरवून केलेल्या असतात, पण एखादी देवराईबद्दल अशी माहिती देते की जी दुसरीकडं कुठं छापलेली नाही.

७. जीव सांभाळून

सड्यावर फुरसं. दगडाखाली हात घालू नका, बसण्याआधी जागा काठीनं झाडा. घोट्यावर येणारे बूट आणि टॉर्च दिवसाही सॅकमध्ये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर आपल्याकडची प्रतिसर्पविष लस चालते. झाडावरच्या हिरव्या चापड्यावर चालत नाही. म्हणून झुडपात नमुना तोडताना फांदी आधी नीट बघा. जवळच्या कुठल्या रुग्णालयात लस असते, हे हंगाम सुरू होण्याआधी फोन करून विचारा.

सिंधुदुर्गात दोडामार्गकडं २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. तो गोचिडीतून येतो. माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. परत आल्यावर अंग तपासा, कपडे गरम पाण्यात टाका. पावसात भातखाचरांतून चालत असाल तर लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस) विचार हवा. ताप आला की डॉक्टरांना 'मी जंगलात काम करतो' हे पहिल्या वाक्यात सांगा.

गव्यासमोर वाट सोडायची. तो फुसकारतो तेव्हा फोटो काढायची वेळ गेलेली असते.

८. अहवाल आणि ठिकाणं

खात्याला दिलेला अहवाल मराठीत द्या, किंवा निदान पहिली दोन पानं. वनरक्षकानं वाचलाच नाही तर शिफारशी राबवणार कोण? शिफारस एका ओळीची आणि करता येण्यासारखी हवी. 'संवर्धनासाठी योग्य ती पावले उचलावीत' याचा काही उपयोग नाही. 'अमुक नियतक्षेत्रातली जाळरेषा सड्याच्या कडेपासून पन्नास मीटर मागं घ्यावी, कारण कडेला खर्चुडी आहे' याचा आहे.

दुर्मीळ झाडांचे आणि प्राण्यांचे अक्षांश-रेखांश सार्वजनिक प्रतीत द्यायचे नाहीत. नरक्याची झाडं कर्करोगावरच्या औषधात लागणाऱ्या घटकासाठी चोरून तोडली जातात, खवल्या मांजराचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. खर्चुडीची एखादी वस्ती जेमतेम अर्ध्या गुंठ्यात असते आणि हौशी मंडळींचे पायच तिला पुरेसे असतात. सार्वजनिक प्रतीत तालुका लिहा. नेमकी ठिकाणं असलेली प्रत उपवनसंरक्षकांकडं आणि हर्बेरियमकडं (वनस्पतिसंग्रहाकडं), बंद पाकिटात. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकत असाल तर धोक्यातल्या बऱ्याच जातींचं ठिकाण आपोआप धूसर होतं, सगळ्यांचं नाही, तेव्हा सेटिंग स्वतः बदला. आणि मोबाइलमधून कुणाला मूळ फोटो फाइल पाठवण्याआधी त्यातली लोकेशन काढून टाका. ती फोटोच्या पोटातच असते आणि बघणाऱ्याला दोन टिचक्यांत मिळते.